टाच आपटली की वळते

३ मार्च

ही वही भाऊजींच्या कारखान्यातली. तपासणीचं रजिस्टर आहे, छापताना रकाने तिरके आले म्हणून कारखान्यानं फेकलं. भाऊजींनी घरी आणलं, कारण हा माणूस वस्तू काय, राग काय, काहीच टाकून देत नाही. रकाने आहेत : नग क्रमांक, माप, शेरा. मी रकान्यांवरून आडवं लिहितोय. बघितलं तर चिडेल. चिडू दे.

ताईकडे दोन दिवसांसाठी आलो होतो, त्याला तीन आठवडे झाले. ताई विचारते, "लगेच जाणार नाहीस ना?" भाऊजी विचारतात, "किती दिवस आहेस?" प्रश्न एकच, पण एकानं पोट भरतं आणि दुसऱ्यानं घास अडकतो.

मी मनात त्यांना मापाडी म्हणतो. कारखान्यात लोखंडी कड्या बनतात, आणि हे दिवसभर त्या मापतात. त्यांच्याकडे एक दांडी असते, तिचं एक टोक कडीत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. गेलं तर कडी लाल डब्यात. घरी आल्यावरही तेच डोळे. माझ्याकडे बघतात तेव्हा मला लाल डबा दिसतो.

आता भाचीवर आलेत. दवाखान्यातून एक कार्ड मिळालंय, कितव्या महिन्यात बाळानं काय करायचं त्याच्या चौकटी. मान धरते, कुशीवर वळते, आवाजाकडे वळते, बसते, नावानं हाक मारली की बघते. ते कार्ड कपाटाच्या दारावर चिकटवलंय. जमलं की पेनानं खूण, शंका असली की पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

"साडेसात महिने झाले," आज जेवताना म्हणाले. "अजून बसत नाही."

"बसेल हो," ताई म्हणाली.

"बसेल हे उत्तर नाही. कधी, हे उत्तर आहे."

"तिला तारीख कळत नाही ना भाऊजी," मी म्हणालो. "कॅलेंडर फार उंच लावलंय तुम्ही."

ताईला हसू फुटलं. भाऊजींनी माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं बघितलं आणि पाण्याचा तांब्या माझ्यापासून लांब सरकवला. तांब्या! माणूस भांडला तर बरं, हा तांब्या सरकवतो.

भाचीला मी धोंडू म्हणतो. घर म्हणजे पत्र्याच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली आठ ते सहा ठोकाठोक, फळीवरचे कप नाचतात, जमीन लाकडी फळ्यांची, ती पायाखाली थरथरते. त्यात ही पालथी पडून दगडासारखी झोपते. शेजारीपाजारी म्हणतात, किती गुणी बाळ! खरंच गुणी आहे. बापावर गेली नाही.

६ मार्च

आज भांडण झालं. मोठं.

दुपारी भाऊजींची सुट्टी होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर धोंडू चटईवर, आणि हे तिच्या पाठीमागे उकिडवे बसलेत, हातात डाव आणि पातेल्याचं झाकण. खण्णकन वाजवलं. माझ्या दातांना कळ आली. धोंडू आपला अंगठा चोखतेय. परत वाजवलं. मग खिशातून चिटोरं काढून काहीतरी लिहिलं.

"कारखान्यात मन भरत नाही वाटतं?" मी म्हणालो. "पोरगी आहे ती, कडी नाही."

"गप्प बस."

"घाबरवताय तिला."

"घाबरली का?" ते म्हणाले. "बघ नीट. घाबरली का?"

मी म्हणालो, धीट आहे, मामावर गेलीय. तेवढ्यात ताई आली. मग भाऊजी बोलायला लागले, आणि हा माणूस इतकं बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. की हिला ऐकू येत नसावं. की जन्मानंतर कान तपासायचे तेव्हा तिथलं मशीन बंद होतं, ती चौकट तशीच राहिली. की चौथ्या महिन्यात ती अगं-उंगू करायची ते हल्ली कमी झालंय. की असलं लवकर कळलं तर काही करता येतं, उशीर झाला तर बोलणंच येत नाही. पंचवीस तारखेची वेळ घेतलीय मोठ्या हॉस्पिटलात, रजाही टाकलीय.

"मला न विचारता?" ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आधी बसत नाही म्हणून माझ्या दुधाला नावं ठेवलीत. आता कान. उद्या काय?"

"मी नावं ठेवली नाहीत. मी बघतोय."

"तुम्ही बघता ना, तेच नको वाटतं मला."

मी मध्ये पडलो. म्हणालो, माझंच घ्या, मी दोन वर्षांचा होईपर्यंत चाललो नाही, तीनचा होईपर्यंत बोललो नाही, सगळे ठोंब्या म्हणायचे. झालं का माझं काही वाईट?

भाऊजींनी मला खालून वर बघितलं. फाटकी चप्पल, तुटलेलं बटण, नववीत शाळा सोडलेलं डोकं. काही बोलले नाहीत. हेच ते! बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं.

८ मार्च

आजपासून खालच्या पत्र्याच्या कारखान्यात मिस्त्रींकडे कामाला जातोय. भाऊजींनी "बसून खायला ही धर्मशाळा नाही" असं मला म्हटलं नाही, पण मला ऐकू जाईल असं ताईला म्हटलं. मी गेलो ते त्यांच्यासाठी नाही. मला पत्रा आवडतो.

जत्रेतल्या मोठ्या पाळण्यावर मी एक हंगाम होतो, तिथेही पत्रा होता. तिथला उस्ताद पाळणा फिरताना खांबाला पाठ लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, वरून चौथा बोल्ट ढिला आहे. एकदा मीही पाठ लावली तर नुसती खाज सुटली. असो. मिस्त्रींचं सांगत होतो.

मिस्त्री सत्तरीचे. चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान गेलेत, तोंडाजवळ जाऊन ओरडलं तर निम्मं कळतं. पण काम असं की एका हातात हातोडी आणि दुसरा हात पत्र्याच्या मागे सपाट टेकलेला. "पत्रा हातात बोलतो," म्हणतात. पोकळ कुठे राहिलं ते तळव्याला कळतं.

चार वाजता ताईनं आम्हा दोघांना चहाला वर बोलावलं. धोंडू जमिनीवर पालथी होती. खाली कोणीतरी मोठी कातर चालवली तशी तिनं दोन्ही तळवे फळीवर टेकले आणि मान वर केली. मिस्त्री बशी तोंडाशी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले.

"हिचा हात बघ," मला म्हणाले. "माझ्यासारखी आहे."

"पत्रेवाली होणार म्हणता?" मी ओरडलो.

ते मान हलवत राहिले. म्हाताऱ्याला अर्धं ऐकू येत नाही, मग हो की नाही कळायचं कसं? ताईला मी सांगितलं, बघ, तुझ्या मुलीला नोकरी लागली. ताई बऱ्याच दिवसांनी खळखळून हसली.

११ मार्च

सापडलं! वळते! आवाजाकडे वळते!

सकाळी मी दाराजवळ उभा राहून बूट घालत होतो. हे बूट मी बंदरावर होड्या रंगवायचो तेव्हाचे, टाचेला लोखंडी नाल आहे, पाय आत जाईना म्हणून टाच जमिनीवर आपटली. धोंडू माझ्याकडे पाठ करून होती. गर्रकन मान वळवली आणि माझ्याकडे बघून हसली, दोन दात दाखवून.

मी परत आपटली. परत वळली. डावीकडे जाऊन आपटली, डावीकडे वळली. कॉटच्या मागे लपून आपटली तर मान वाकडी करकरून शोधायला लागली. वीस वेळा केलं, वीसच्या वीस. खालून मिस्त्री वर आले, त्यांच्या टकलावर छताची धूळ पडली होती. त्यांना वाटलं घर पडतंय.

ताईला दाखवलं. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणाली, "मला रोज वाटायचं, ते खरं बोलत असतील तर?" मला म्हणते, "तू आलास म्हणून."

असं मला कोणी कधी म्हटलेलं नाही. मी जिथून गेलो तिथे लोक तू गेलास म्हणून बरं झालं म्हणतात. तिची पाठ मला थोपटावीशी वाटली पण हात तेलकट होते.

१२ मार्च

मापाड्याची परीक्षा घेतली.

कामावरून आले, हातपाय धुतले, मी म्हणालो, बसा. धोंडूला त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं. मी मागे. टाच. वळली!

"परत," ते म्हणाले.

टाच. वळली.

त्यांनी स्वतः तिला मागून हाक मारली. नावानं, मग सोनू, मग बाळा, मग टाळी. धोंडू माझ्या बुटाच्या नाडीकडे बघत राहिली.

"तुमचा आवाज आवडत नसेल," मी म्हणालो. "आम्हालाही नाही आवडत."

"असू दे हो," ताई म्हणाली. "वळली ना? तुमच्या डोळ्यांसमोर वळली ना?"

भाऊजी कपाटाजवळ गेले, प्रश्नचिन्हाकडे बघत उभे राहिले. त्यांची मान मागून बारीक दिसते, कॉलर मोठी पडते. खोडरबर काढला, प्रश्नचिन्ह पुसलं आणि पेनानं खूण केली. वळले तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं आता चिडणार. चिडले नाहीत. धोंडूला उचलून खिडकीशी गेले आणि कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. हरलेला माणूस पाठच दाखवतो.

१५ मार्च

धोंडू आज बसली! कोणाचा हात नाही, उशी नाही. मग कलंडली, पण बसली. ताईनं भाऊजींना कारखान्यात फोन केला. संध्याकाळी ते एक लाकडी चक्रांचं खेळणं घेऊन आले. लहान चक्रं, मोठी चक्रं, मापाप्रमाणे दांडीत ओवायची! जातीवर गेले शेवटी.

पंचवीसची वेळ रद्द केली. ताईच म्हणाली, आणि त्यांनी वाद घातला नाही. जेवताना तांब्या माझ्याकडे सरकवला. मला संशय आला, पण पाणी प्यायलो.

उरलेली चौकट होती, नावानं हाक मारली की बघते. ते दोघं बाहेर गेल्यावर मीच पेनानं खूण करून टाकली. हाक मारली, टाच आपटली, बघितलं. झालं की. खूण कोणाची, कोण बघतंय?

पाळण्यावरच्या जुन्या दोस्ताचा निरोप आलाय, रस्त्याच्या कामावर माणसं हवीत. पुढच्या आठवड्यात निघावं. इथलं काम झालं.

२० मार्च

हे लिहू नये असं वाटतंय, पण दुसरं कोणाला सांगू?

आज खालचा कारखाना बंद होता. धोंडूला खाली अंगणात आणलं, अंगण सिमेंटचं आहे. मिस्त्रींची बायको समोर धान्य निवडत होती. म्हटलं तिला गंमत दाखवू. धोंडू बसली होती, हातात एक मोठा वॉशर. मी मागे जाऊन टाच आपटली.

नाही वळली.

नाल सिमेंटवर चांगली वाजली होती. परत आपटली. मग दोन्ही पायांनी उडी मारली. टाळ्या. शिटी, ती दोन बोटं घालून मारायची, जिनं जत्रेत घोडे बिथरायचे. मिस्त्रींच्या बायकोनं कान झाकले. "काय करतोयस रे मेल्या?" म्हणाली. धोंडू वॉशर चाटत होती.

भिंतीला पत्रे टेकवून ठेवले होते. मी एक सबंध पत्रा उचलला, डोक्याएवढा उंच, आणि सोडला.

छपरावरची कबुतरं उडाली. पलीकडच्या गल्लीत कुत्रं भुंकायला लागलं. आतून मिस्त्री, ज्यांना काही ऐकू येत नाही ते मिस्त्री, बाहेर आले. धोंडूनं वॉशर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मग मिस्त्री तिच्याजवळ उकिडवे बसले. आपला तळवा आधी सिमेंटवर टेकला, नाही अशी मान हलवली. वर, फळ्यांच्या घराकडे बोट केलं आणि तळवा हवेत थरथरवला. "तुला त्या दिवशी सांगितलं," म्हणाले. "माझ्यासारखी आहे."

२१ मार्च

सर्दी असेल. सर्दीनं कान बंद होतात. मला लहानपणी व्हायचे.

ताई गाणं म्हणत कपडे वाळत घालतेय. भाऊजी चक्रं ओवून दाखवतायत आणि प्रत्येक चक्राला तिच्याशी बोलतायत, "हे मोठं. हे धाकटं." पूर्वी बोलत नव्हते.

थैली भरून ठेवलीय. सकाळची गाडी आहे.

२३ मार्च

गाडी चुकवली. चुकली असं लिहिणार होतो.

कारखान्याच्या फाटकाशी गेलो, जेवणाच्या सुट्टीत. भाऊजी निळ्या डगल्यात बाहेर आले, खिशात ती दांडी. मला बघून म्हणाले, "ती बरी आहे ना?" आधी तेच.

मी सगळं सांगितलं. फळ्या, सिमेंट, पत्रा. कपाटावरची शेवटची खूण माझी आहे तेही.

"कधी कळलं?"

"परवा. नाही, त्याच्या आदल्या दिवशी."

"तीन दिवस."

"मला वाटलं सर्दी..."

त्यांनी माझी कॉलर धरली. फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. मला वाटलं मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांच्या हातातलं बळच गेलं. कॉलर नुसती धरून ठेवली, ओल्या कपड्यासारखी.

"आमच्याकडे नियम आहे," म्हणाले. "माल बनवणाऱ्यानं पास करायचा नसतो. का ते माहितीये? तो खोटारडा असतो म्हणून नाही. त्याला पास व्हायला हवा असतो म्हणून."

"चूक झाली भाऊजी."

"तुझी सोड. तू ठोंब्याच आहेस." मग जरा थांबून, "मी स्वतः खूण केली रे. हाक मारली, टाळी वाजवली, वळली नाही. दिसत होतं मला. तरी केली. मला पाहिजे होती ती खूण."

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. त्यांनी कॉलर सोडली, सरळसुद्धा केली. "परवा सकाळी सहाला तयार राहा. वेळ रद्द केलीय, पुढची दीड महिन्यानं आहे. आपण जाऊन बसायचं. आणि ताईला तू सांगायचं. मी नाही."

ताईला सांगितलं. ती ओरडली नाही. माझे बूट उचलले आणि खिडकीतून खाली टाकले, एक, मग दुसरा. मग म्हणाली, "तू आलास म्हणून." तेच शब्द.

२५ मार्च

सातपासून बाकावर. खिडकीतला माणूस पाच वेळा म्हणाला, वेळ नसेल तर होणार नाही. भाऊजी पाच वेळा म्हणाले, आम्ही बसतो. हा माणूस मापायला बसतो तसाच वाट बघायलाही बसतो, हलत नाही. तीनच्या वेळेचं कुणी आलंच नाही, म्हणून आम्हाला आत घेतलं.

झोपेत करायची तपासणी होती. डोक्याला तारा चिकटवल्या. धोंडू दगडासारखी झोपली, आणि ताई मला म्हणाली, "आता म्हण की किती गुणी."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या. उजवा कान जवळजवळ नाही. डाव्यात थोडं आहे. कानामागे यंत्र बसवायचं, मग शिकवायचं, मग पुढचं बघायचं. "आठव्या महिन्यात आणलीत ते चांगलं केलंत," म्हणाल्या. "लोक दोन-दोन वर्षं थांबतात. कोणाच्या लक्षात आलं?"

ताईनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी भिंतीकडे. मी अनवाणी होतो, पायाकडे बघितलं.

घरी आल्यावर भाऊजींनी कार्ड कपाटावरून काढलं, एक ब्लेड दिलं. "दोन्ही खुणा तूच खरवड," म्हणाले. "कागद फाटता कामा नये." तासभर लागला. एका जागी फाटलाच. त्यांना दिसलं.

२ एप्रिल

ताई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. "मीठ दे. दार लाव." तीही मापूनच बोलायला लागलीय. यंत्र यायला दहा दिवस आहेत. रस्त्याच्या कामावर मी कळवलं, येत नाही. भाऊजी म्हणाले, "कोणी थांब म्हटलं नव्हतं." मी म्हणालो, "तुमच्यासाठी थांबलेलो नाही." बरं वाटलं, नीट भांडलो.

बूट मिस्त्रींनी उचलून ठेवले होते. एकाची नाल निघालीय.

आज संध्याकाळी मी वर आलो तर दार अर्धवट उघडं. धोंडू खिडकीशी बसून चक्रं फेकत होती, पाठ इकडे. भाऊजी खोलीच्या मधोमध अनवाणी उभे. त्यांनी टाच आपटली. हळूच, चोरासारखी. ती वळली नाही. जरा जोरात. नाही. मग एकदम इतकी जोरात की ती दचकली आणि रडायच्या बेताला आली. ते चटकन खाली बसले, तोंड वेडंवाकडं केलं तेव्हा थांबली.

मग त्यांना मी दिसलो. कान लाल झाले.

"बघतोस काय?" म्हणाले. मग खाली बघून, "किती जोरात मारायची?"

मला दीड महिना होऊन गेला इथे. या माणसानं मला काही विचारलं अशी ही पहिलीच वेळ, किती दिवस आहेस ते सोडून. मी लगेच सांगितलं नाही. चौकटीला टेकलो, तांब्या घेतला, सावकाश पाणी प्यायलो. वाट बघायला लावली.

"आधी खिडकीजवळची ती लांब फळी पकडा," मी म्हणालो. "ती तिच्यापर्यंत जाते."